चेंडू हाताला लागला, पण हँडबॉल झाला का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्ह्यातल्या फुटबॉल स्पर्धांत एक दृश्य आता नेहमीचं झालं आहे. डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्रात, चेंडू कुणाच्या तरी दंडाला लागतो, रेफ्री खेळ चालू ठेवतो आणि मिनिटभरात रेषेबाहेरून कुणीतरी मोबाइल नाचवत आत येतो. ‘साहेब, व्हिडिओ बघा, हँड क्लिअर आहे.’ पाठोपाठ आयोजकांकडे मागणी जाते, आपल्याकडेही व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून रेफ्रीला मदत करणारी व्यवस्था, आणा. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं आपण म्हणतो. हँडबॉलमध्ये आरसा कितीही मोठा आणला तरी काकण तेवढं दिसतं. ते मुद्दाम वाजवलं की आपसूक वाजलं, हे आरसा सांगत नाही.

मुळात चेंडू हाताला लागणं आणि हँडबॉलचा गुन्हा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेळाचे नियम ठरवणाऱ्या इफॅबच्या बाराव्या नियमात गुन्हा तीनच प्रकारांनी होतो. खेळाडूने मुद्दाम हात चेंडूकडे नेला तर. हात अशा ठिकाणी असला की शरीर अनैसर्गिकरीत्या मोठं झालं, तर. आणि चेंडू स्वतःच्या हाताला लागून थेट गोल झाला किंवा लागल्यावर लगेच त्याच खेळाडूने गोल केला तर. इथे मात्र चुकून लागला असला तरी गोल रद्द. हात कुठून सुरू होतो तेही ठरलेलं आहे, काखेच्या तळाच्या रेषेपासून खाली. खांद्याला लागलेला चेंडू हँड नव्हे.

सगळा घोळ दुसऱ्या प्रकारात आहे. ‘अनैसर्गिक’ म्हणजे हात पसरलेला असणं नव्हे. त्या क्षणी शरीर जी हालचाल करत होतं, तिच्यामुळे हात तिथे येणं समजण्यासारखं आहे का, हा प्रश्न आहे. उडी मारताना हात वर जातातच, घसरताना एक हात जमिनीला टेकतोच. पण समोरचा शॉट मारणार हे दिसत असताना दोन्ही हात पंखासारखे फाकवून उभं राहणं म्हणजे जोखीम स्वतःच्या अंगावर घेणं. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. कृष्णाकाठच्या काळ्या मातीची मैदानं उन्हाळ्यात दगडासारखी होतात, भेगा पडतात. गुडघ्याएवढा येणारा चेंडू अचानक छातीएवढा उसळतो आणि हाताला लागतो. टीव्हीवर हिरवळीवरचे सामने पाहून तयार झालेलं मत इथे तसंच्या तसं लावलं, तर प्रत्येक सामन्यात चार पेनल्टी द्याव्या लागतील.

नियमही दर काही वर्षांनी हलतो, त्यामुळे जुन्या माहितीवर हमरीतुमरी होते. 2019 मध्ये आक्रमण करणाऱ्या संघातल्या कुणाच्याही हाताला चुकून चेंडू लागून लगेच गोल झाला तर तो रद्द होत असे. 2021 मध्ये ही अट ढिली झाली आणि आता फक्त गोल करणाऱ्याचाच हात पाहिला जातो. 2024 पासून, हँडबॉल मुद्दाम नसेल आणि पेनल्टी दिली असेल, तर हक्काची गोलसंधी हुकली तरी लाल नव्हे, पिवळं कार्ड. मात्र 2010 च्या विश्वचषकात उरुग्वेच्या सुआरेझने घानाचा गोल रेषेवर हातांनी अडवला, तसा प्रकार असेल तर आजही लाल कार्ड आणि पेनल्टी दोन्ही.

आता कॅमेऱ्याकडे वळू. युरोपातल्या देशांच्या युरो 2024 स्पर्धेत चेंडूच्या आत सेन्सर होता. 29 जूनला डेन्मार्क-जर्मनी सामन्यात डेन्मार्कच्या अँडरसनच्या हाताला चेंडू निसटता लागला. सेन्सरच्या आलेखात स्पर्शाचा कंप दिसला, रेफ्रीने मॉनिटर पाहून पेनल्टी दिली आणि हावर्ट्झने गोल केला. सहा दिवसांनी, 5 जुलैला, स्टुटगार्टला उपांत्यपूर्व सामन्यात जर्मनीच्या मुसियालाचा शॉट स्पेनच्या कुकुरेयाच्या हाताला लागला. इथे स्पर्श साऱ्या जगाला दिसला, त्यासाठी सेन्सरची गरजच नव्हती. पेनल्टी मिळाली नाही, जर्मनी हरली आणि नंतर युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेच्या पंच समितीने ती पेनल्टी द्यायला हवी होती असं मान्य केलं. म्हणजे स्पर्धा एकच, चेंडूत तसलाच सेन्सर, तेवढेच कॅमेरे, आणि निर्णय उलटसुलट. सेन्सर सांगतो चेंडू लागला की नाही. हात तिथे का होता, ते माणसानेच ठरवायचं असतं.

2018 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात क्रोएशियाच्या पेरिसिचवर दिलेली पेनल्टी अनेकांना आठवत असेल. अर्जेंटिनाचे रेफ्री पिताना मॉनिटरजवळ गेले, पाहिलं, परत फिरले, पुन्हा मॉनिटरकडे गेले आणि मग पेनल्टीची खूण केली. स्लो मोशनमध्ये चेंडू हाताकडे इतक्या सावकाश येतो की खेळाडूला हात काढायला भरपूर वेळ होता असं वाटू लागतं. प्रत्यक्षात ताशी 72 किलोमीटर वेगाचा चेंडू चार मीटर अंतर सेकंदाच्या पाचव्या हिश्शात कापतो, आणि डोळ्यांनी पाहून हात हलवायला सुरुवात करायलाच माणसाला जवळपास तेवढा वेळ लागतो. म्हणूनच व्हीएआरच्या नियमावलीत लिहिलं आहे की, चेंडू नेमका कुठे लागला हे पाहण्यासाठी स्लो मोशन वापरा, पण तो हँडबॉलचा गुन्हा होता का हे ठरवताना नेहमीच्या वेगात पाहा. मोबाइल पुढे करणारा मात्र क्लिप हमखास हळू करून आणतो, वर बोटांनी मोठी करून दाखवतो.

त्या मोबाइलचंही गणित मांडून पाहावं. सेकंदाला 30 चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात त्याच चेंडूचं एका चित्रातून दुसऱ्यात 67 सेंटीमीटर अंतर पडतं. स्पर्शाचा क्षण बहुतेक वेळा दोन चित्रांच्या मधेच हरवतो. संध्याकाळच्या उजेडात शटर एक साठांश सेकंद उघडं राहिलं, तर चेंडू 33 सेंटीमीटर फराटा होऊन उमटतो आणि चेंडूचा व्यासच जेमतेम 22 सेंटीमीटर आहे. त्यात हे चित्रण गोलपोस्टमागून असलं, तर छातीसमोरून गेलेला चेंडूही हाताला चिकटलेला दिसतो. एका बाजूच्या एका कॅमेऱ्यात खोली कळत नाही. व्हीएआरमध्ये अनेक कोन एकाच वेळेशी जुळवून पाहतात ते याचसाठी.

शिवाय व्हीएआर आणणं हा नुसता हौसेचा प्रश्नही नाही. फिफाची लेखी मंजुरी असल्याशिवाय आणि पंचांचं ठरलेलं प्रशिक्षण झाल्याशिवाय कुठल्याही स्पर्धेला व्हीएआर वापरता येत नाही. मंजुरी असली तरी ढोबळ आणि उघड चूक झाली असेल किंवा गंभीर घटना नजरेतून सुटली असेल तरच हस्तक्षेप. खेळाडूने हवेत टीव्हीचा चौकोन काढून सारखी मागणी केली तर त्यालाच पिवळं कार्ड मिळतं. कमी कॅमेऱ्यांच्या सामन्यांसाठी फिफाने 2024 मध्ये महिलांच्या 20 वर्षांखालील विश्वचषकात दुसरा मार्ग चाचणीला आणला. त्यात वेगळी व्हिडिओ खोली नसते. प्रशिक्षक कार्ड देऊन तपासणी मागतो, प्रत्येक संघाला दोन संधी असतात, मागणी बरोबर ठरली तर संधी शाबूत राहते. मॅटवर स्पंज फेकून चॅलेंज घेणं कुस्तीत पाहिलेल्या आपल्या लोकांना हे लगेच समजेल. फरक एवढाच की तिथे चॅलेंज फसलं तर समोरच्याला गुण मिळतो, इथे फक्त संधी जाते. पण यालाही परवानगी लागतेच.

कॅमेरा निरुपयोगी आहे, असं आम्ही म्हणत नाही. 11 जून 2024 ला दोह्यात विश्वचषक पात्रता सामन्यात चेंडू गोलरेषेबाहेर गेलेला असताना तो आत ओढून कतारने भारताविरुद्ध बरोबरी साधली आणि पुढे सामना 2-1 ने जिंकला. त्या फेरीत व्हीएआर नव्हता. चेंडू बाहेर होता की आत, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. तिथे एक चित्र पुरलं असतं. हँडबॉलचा प्रश्न त्या जातीचा नाही, आणि आपल्याकडची भांडणं मात्र बहुतेक हँडबॉलचीच असतात.

मग आयोजकांनी करायचं काय? रेफ्रीने मोबाइलचा पडदा पाहायचाच नाही, हे स्पर्धेच्या छापील नियमांतच घालावं. एकदा पाहिला की दुसऱ्या संघाचाही पाहावा लागतो, आणि एव्हाना खेळ पुन्हा सुरू झालेला असेल तर निर्णय बदलायचा अधिकारच उरत नाही. खेळ सुरू होण्याआधी मात्र लाइन्समनशी बोलून निर्णय फिरवता येतो, आणि या सोयीचा वापर आपल्याकडे फारच कमी होतो. त्याला कारणही आहे. लाइन्समन बहुतेक वेळा संघातलाच राखीव खेळाडू असतो. अशाला फक्त चेंडू बाहेर गेला का एवढंच पाहायला सांगावं. निदान उपांत्य सामन्यापासून तरी दोन तटस्थ, नियम माहीत असलेले लाइन्समन घ्यावेत. कॅमेऱ्यावर होणारा खर्च त्यांच्या मानधनावर केला तर जास्त पेनल्टी बरोबर दिल्या जातील.

रेफ्रीने योग्य जागी उभं राहण्याला तर पर्यायच नाही. चेंडूच्या सरळ मागे धावत राहिलं की बचाव करणाऱ्याचा हात त्याच्याच अंगाआड जातो. थोडं बाजूला, शॉट मारणारा आणि अडवणारा यांच्यामधली फट दिसेल अशा कोनात, दहा-पंधरा मीटरवर असावं. कॉर्नरला रेफ्रीला न दिसणारी बाजू लाइन्समनने पाहायची, आणि हँड दिसला तर कोणती खूण करायची हे सामन्याआधी ठरवायचं. शिट्टीची घाई नको. बचाव करणाऱ्याच्या हाताला लागलेला चेंडू पुढच्याच क्षणी गोलात गेला तर ॲडव्हान्टेज देता येतो, म्हणजे शिट्टी न वाजवता खेळ चालू ठेवता येतो. घाईची शिट्टी तो गोल घालवते आणि मग पेनल्टीही चुकली की मैदानात धुमसतं.

नाणेफेकीआधी दोन्ही कर्णधारांना आणि संघ व्यवस्थापकांना पाच मिनिटं बोलावून वरचे तीन प्रकार मराठीत वाचून दाखवावेत. अर्ध्या पानाचा मजकूर आहे. चित्रीकरण करायचंच असेल तर मध्यरेषेजवळ उंचावर तिवईवर कॅमेरा लावून सेकंदाला 60 चित्रं आणि वेगवान शटर ठेवावं, आणि ते सामन्यानंतर पंचांच्या बैठकीत पाहावं. निकाल बदलण्यासाठी नव्हे.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. स्थानिक सामन्याच्या बातमीत ‘चेंडू हाताला लागल्याने पेनल्टी’ एवढंच छापून येतं. त्याऐवजी ‘हात पसरलेला असल्याने’ किंवा ‘हात चेंडूकडे नेल्याने’ असं कारण रेफ्रीला विचारून लिहावं. दोनच शब्द वाढतील.

आपले,
काही फुटबॉल पंच व प्रशिक्षक, सांगली-मिरज