मनू, बदलीचा अर्ज करू नकोस

मनू,

काल तू विचारलंस अर्ज करू का, आणि मी "बघू" म्हणून फोन ठेवला, मग रात्रभर झोपच लागली नाही. बाबा म्हणाले सरळ लिहून टाक. तर लिहिते. पुण्याच्या बदलीचा अर्ज करू नकोस, रांचीतच राहा आणि तुझं लॉन बोल्स खेळत राहा.

वर्षभर मीच मागे लागलेले ना, की बँकेची पुण्याची ब्रँच मिळतेय तर ये घरी. आणि त्या दिवशी तर "बोल्स म्हणजे रिटायर झालेल्यांचा खेळ" असंही बोलून गेले, तू लगेच विषय बदललास तेव्हाच कळलं की तुला लागलंय. चुकलं गं माझं.

खरं कारण तुझा गुडघा होता. सणस ग्राउंडवर लांब उडीच्या वाळूत तू पडलीस आणि उठलीच नाहीस, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही, मग ऑपरेशन, कुबड्या, रात्री तू उशीत तोंड खुपसून रडायचीस आणि मी दाराबाहेर उभी असायचे. परत कुठल्याही मैदानावर तुला बघायची हिंमतच नव्हती माझ्यात.

पण दिवाळीनंतर आम्ही रांचीला, तुझ्या नामकुमच्या मैदानावर आलो ना, तिथेच सगळं बदललं. तू बॉल माझ्या हातात दिलास, चांगला दीड किलोचा असेल, आणि दाखवलंस की एका बाजूला छोटं वर्तुळ असतं, बॉल त्या बाजूलाच वळणार. मग मॅटवर उभी राहून वाकलीस (माझं लक्ष गुडघ्याकडेच) आणि सोडलास, तो भलतीकडेच निघाला, मला वाटलं गेला वाया, पण वेग कमी होत गेला तसतसा आत वळत वळत येऊन त्या जॅकला, म्हणजे नेम धरायच्या छोट्या पांढऱ्या बॉलला, अलगद टेकला. तू हसलीसुद्धा नाहीस, लगेच पुढचा बॉल उचललास. रनअपच्या आधी असायचा ना तुझा चेहरा, तोच. किती वर्षांनी बघितला मी तो.

घरी आल्यावर 2022 च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थची बोल्सची फायनल अख्खी बघितली, बाबांनाही बसवलं. आपल्या चौघी, लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया, रूपा राणी तिर्की. आपण 8-2 पुढे होतो आणि साउथ आफ्रिकेने बरोबरी गाठली तेव्हा माझे हातपाय गार पडले, निकाल माहीत असूनसुद्धा! शेवटी 17-10. सेमीत न्यूझीलंडला 16-13 हरवलेलं, आणि त्याआधी कॉमनवेल्थमध्ये बोल्सचं एकही मेडल नव्हतं भारताकडे. नयनमोनी तर आधी वेटलिफ्टर होती, दुखापतीनंतर इकडे वळली, हे वाचलं आणि तुझीच आठवण आली.

आता एक गोष्ट मात्र ऐक माझी. बँक सोडायचा विचार मनातून काढून टाक. लव्हली झारखंड पोलिसात होती, नयनमोनी वनखात्यात, पिंकी शाळेत पीटी शिकवायची, रूपा राणी क्रीडा अधिकारी. चौघींनी नोकरी सांभाळून गोल्ड आणलं. या खेळात क्रिकेटसारखा पैसा नाही मनू, पगार चालू असला की सिलेक्शन हुकलं तरी पुढच्या वर्षी परत उभं राहता येतं. आणि सत्तावीस म्हणजे उशीर झाला असं परत म्हणू नकोस, त्याच बर्मिंगहॅमला पॅरा बोल्समध्ये स्कॉटलंडच्या जॉर्ज मिलर यांनी 75 व्या वर्षी गोल्ड मिळवलंय.

आजीला अजून सांगितलेलं नाही, ती वाट बघत बसलीये. तिचं मी बघते.

तू म्हणालीस खेळायच्या हिरवळीवर सपाट तळाचेच बूट लागतात आणि तुझे झिजलेत. रविवारी लक्ष्मी रोडला जातोय, बघते मिळतात का. सहा नंबरच ना अजून? आणि गुडघ्याचा पट्टा जुना असेल तर तेही कळव, एकाच पार्सलमध्ये पाठवते.

आई