आबांना "दुखतं कधी?" असं विचारणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

आबांना पोटदुखीसाठी तुमच्याकडे आणलं तेव्हा फाइल जाडजूड झाली होती. सोनोग्राफी नॉर्मल, एंडोस्कोपी नॉर्मल, बाकी पित्ताच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या. वजन मात्र उतरतच होतं. कॅन्सर हा शब्द घरात कुणी उच्चारत नव्हतं, पण होता सगळ्यांच्याच मनात.

तुम्ही फाइल मिटून विचारलंत, "काका, दुखतं कधी? जेवणाआधी की नंतर?"

"जेवून उठलो की अर्ध्या तासात. दोन तास सोडत नाही."

"भूक लागते?"

"लागते की. पण घास घ्यायची भीती वाटते."

हे ते आमच्याजवळ कधीच बोलले नव्हते. मग तुम्ही बिडीचं विचारलंत, चालताना पोटऱ्या भरून येतात का ते विचारलंत, आणि स्टेथोस्कोप बेंबीच्या वर ठेवून कितीतरी वेळ ऐकत राहिलात.

आतड्यांना रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्या 3, हे त्या दिवशी कळलं. जेवलं की आतड्यांना जास्त रक्त लागतं. धमन्या आतून चरबीच्या थरांनी अरुंद झाल्या असतील तर ते पोचत नाही आणि पोट दुखतं. एक धमनी तुंबली तरी बाकीच्या बहुतेकदा सांभाळून घेतात, म्हणून दुखणं लवकर उघडं पडत नाही. उपाशीपोटी डॉपलर, म्हणजे धमन्यांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी; मग क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची रक्ततपासणी) बघून सीटी अँजिओग्राफी, म्हणजे धमन्यांचा सीटी स्कॅन. लहान आतड्याकडे जाणारी मोठी धमनी तोंडाशीच 70 टक्क्यांहून जास्त अरुंद, आणि जठर-यकृताकडची जवळजवळ बंद! स्क्रीनवर पेनाचं टोक ठेवून तुम्ही आबांना ती जागा दाखवलीत. आम्हाला नव्हे, आधी त्यांना. याचं मला फार अप्रूप वाटलं.

स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, दुसऱ्या डॉक्टरांनी बसवला, त्यांचेही उपकार आहेतच. पण त्यांच्यापर्यंत पोचलो ते तुमच्या प्रश्नामुळे. तुम्ही बजावलेलं मी सगळ्या नातेवाइकांना सांगत असते: पोटात अचानक असह्य कळ आली आणि पोट हाताला मऊ लागलं, तरी घरी थांबायचं नाही. गुठळीने रक्त पूर्ण अडलं तर आतडं काही तासांत निकामी होतं.

आबा आता पोटभर जेवतात. परवा आमटी पुन्हा मागून घेतली, तेव्हा आईला रडूच आलं. बिडी बंद आहे, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चुकत नाहीत. पुढच्या डॉपलरला त्यांना सकाळी उपाशीपोटीच घेऊन येते.

आपली ऋणी,
आबांची थोरली लेक