मांजराच्या घरात सापाला जागा देताना

लीड्स, इंग्लंड
१६ नोव्हेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. लेकीच्या हट्टापुढे तू अखेर मान तुकवलीस आणि रॉयल पायथन हा छोटा अजगर घरी आणायचे ठरवलेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. मात्र 'मांजर आणि साप हळूहळू एकमेकांना सरावतील ना?' असे तू सहज विचारले आहेस, त्या एका प्रश्नासाठी मी आज हे लांबलचक पत्र लिहायला बसलो आहे. ते सरावणार नाहीत, आणि त्यांना सरावण्याची संधीही द्यायची नाही. साप घरात वीस-पंचवीस वर्षे सुखाने राहू शकतो. फक्त त्याची आणि इतर प्राण्यांची गाठ एकदाही पडता कामा नये.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. आमची कॉर्न स्नेक केशर तू पाहिली आहेसच. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी रात्री तिला खाऊ घातल्यावर मी पेटीची काच सरकवली, पण कुलूप लावायचे विसरलो. सकाळी पेटी रिकामी होती. चार दिवस आम्ही सोफे, पुस्तकांची कपाटे, गरम पाण्याच्या नळांमागची पोकळी, सारे धुंडाळले. चौथ्या संध्याकाळी आमची मनी स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या फळीकडे नजर खिळवून बसली होती, आणि उंदीर असेल अशा समजुतीने मी तिकडे लक्षच दिले नाही. झटापटीचा आवाज आला तेव्हा मी धावलो. केशरच्या अंगावर दोन ओरखडे आणि दाताची एक लहानशी खूण होती. जखम किरकोळ दिसत होती, तरी पशुवैद्यांनी लगेच प्रतिजैविकाची इंजेक्शने सुरू केली, कारण मांजराच्या तोंडातले जिवाणू अशा बारीक छिद्रातून आत शिरले की वरून कातडी मिटते आणि आत पू होत राहतो. तिने पुढे दोनदा कात टाकली, तेव्हा कुठे ते व्रण पुसट झाले. मनीचा यात काही दोष नव्हता. चूक सर्वस्वी माझी होती आणि तिची आठवण मला अजूनही अस्वस्थ करते.

लोकांना वाटते की साप मांजराला इजा करील. तू आणतो आहेस तो साप पूर्ण वाढला तरी साधारण चार-साडेचार फुटांचा, बिनविषारी आणि स्वभावाने भित्रा असतो. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोके मध्ये लपवतो, म्हणून अमेरिकेत त्याला बॉल पायथन म्हणतात. मोठ्या मांजरापुढे किंवा तुझ्या लॅब्रेडॉरपुढे जीव धोक्यात येईल तो सापाचाच.

हॅमस्टरची, म्हणजे त्या उंदरासारख्या छोट्या पाळीव प्राण्याची, गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तुझ्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती लेकीच्या त्या दोन हॅमस्टरांची. ते सापाचे नैसर्गिक भक्ष्यच आहे. साप जिभेने वास टिपतो, शिवाय या अजगरवर्गीय सापाच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, त्यामुळे हॅमस्टर हाताळून आलेला उबदार हात त्याला खाद्यच वाटतो आणि तो चावतो. यात राग नसतो आणि आपल्याकडे म्हणतात तसा डूखही नसतो. म्हणून हॅमस्टर दुसऱ्या खोलीत, शक्य तर दुसऱ्या मजल्यावर ठेवा आणि आधी साप, मग हॅमस्टर असा हाताळण्याचा क्रम लेकीला लावून दे. मध्ये साबणाने हात धुणे आलेच. सापाचा वास सतत येत राहिला तर त्या बिचाऱ्या हॅमस्टरांनाही स्वस्थता मिळणार नाही.

पेटी घेताना पैशाकडे पाहू नकोस. वर जाळी असलेली काचेची टाकी तुला स्वस्तात मिळेल, पण मांजराला ऊब प्रिय असते, ते जाळीवर जाऊन झोपते आणि एक दिवस जाळीसकट आत पडते. लाकडी, समोर सरकत्या काचा असलेली पेटी घे, काचांना कुलूप लाव आणि मागून वायर जाण्यासाठी पाडलेली भोके नीट बुजव, कारण सापाचे डोके जिथून जाते तिथून बहुधा सारे शरीर जाते. एका टोकाला सुमारे ३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ अंशांच्या आसपास तापमान हवे. उष्णता देणारे प्रत्येक उपकरण तापमान आपोआप आवरणाऱ्या थर्मोस्टॅटला जोडलेलेच असावे आणि दिव्याभोवती जाळीचे कवच असावे. उघड्या दिव्याला विळखा घालून साप भाजतात. पेटी ठेवायची ती दार बंद होणाऱ्या खोलीत. काचेला नाक लावून तासन्‌तास बसलेले मांजर सापाला स्पर्शही करत नाही, पण तेवढ्या ताणानेही रॉयल पायथन खाणे सोडतो, आणि एकदा सोडले की काही महिने तोंड लावत नाही.

आता घरातल्या औषधांविषयी, कारण हे फार थोडे लोक सांगतात. कुत्र्याच्या पिसवांवरची परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेली औषधे मांजराला जीवघेणी ठरतात, हे तुला ठाऊक असेलच; त्याच प्रकारचे फवारे गालिच्यावर मारले तर सापालाही अपाय होतो. पशुवैद्यांना घरातल्या सगळ्या प्राण्यांची यादी दे आणि विचारल्याशिवाय काहीही फवारू नकोस. देवघरातली उदबत्ती आणि धूपही त्या खोलीपासून दूर असू दे.

वहिनी शाकाहारी आहेत, तेव्हा गोठवलेल्या उंदरांसाठी लहानसा वेगळा फ्रीझर घ्यावा हे उत्तम. उंदीर गरम पाण्याच्या भांड्यात पिशवीसकट ठेवून वितळवायचा, मायक्रोवेव्हमध्ये कधीही नाही. त्या वेळी कुत्र्याला बाहेर ठेव, आणि खाल्ल्यानंतर किमान ४८ तास सापाला हात लावू देऊ नकोस. सापाच्या अंगावर माणसाचे पोट बिघडवणारा साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो, म्हणून त्याचे पाण्याचे भांडे स्वयंपाकघरात धुवायचे नाही. पुढच्या उन्हाळ्यात आई येतील तेव्हा तर हा नियम अधिक कसोशीने पाळ.

इंग्लंडमध्ये या सापासाठी परवाना लागत नाही. १९७६ चा धोकादायक वन्य प्राण्यांविषयीचा कायदा विषारी सापांना लागू होतो, याला नाही. मात्र २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याने त्याच्या देखभालीची जबाबदारी तुझ्यावर येते. आपण शाळेच्या सहलीत कात्रजच्या सर्पोद्यानात धामण पाहिली होती आणि तशी घरी पाळायचा निश्चय केला होता, तो भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे गुन्हाच ठरला असता. तेव्हा आपल्याला कोणी वेळीच समजावले, हे बरे झाले.

एक विचारायचे राहिले. दहा वर्षांनी पुण्याला कायमचे परतायचे असे तू नेहमी म्हणतोस. हा साप आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे त्याला बरोबर न्यायचे तर दोन्ही देशांचे परवाने लागतील, आणि लेक तोवर शिकायला घराबाहेर गेलेली असेल. साप आणण्यापूर्वी तिच्याशी आणि वहिनींशी यावर बोल. नेणे जमले नाही तर त्याला मी सांभाळीन, एवढे तिला आजच सांगून ठेव.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मी तुझ्याकडे येऊ शकतो. पेटी आधी बसवू, आठवडाभर तापमान पाहू, कुलपे तपासू आणि मगच साप आणू.

तुझा,
शाळेपासूनचा सोबती