अनादिरहून, हेलिकॉप्टरची वाट बघता बघता

अनादिर, ऑक्टोबर

ती. बाबांस,

सा. न. वि. वि.

पत्र टपालात टाकलं तर तुम्हाला ते दिवाळीनंतरच मिळेल, म्हणून फोटो काढून दादूच्या फोनवर पाठवते. अक्षर लागलं नाही तर त्याच्याकडून वाचून घ्या. अक्षर वाईट आहे कारण गाल अजून सुजलेला आहे. दाढ काढायला म्हणून खाणीवरून खाली आले आणि इथे अनादिरला, म्हणजे रशियाच्या पार ईशान्य टोकाच्या चुकोत्का प्रांताच्या राजधानीत, अडकले. दाढ वीस मिनिटांत निघाली, पण परतायला आज चौथा दिवस. विमानतळ खाडीच्या पलीकडे आहे. उन्हाळ्यात तिकडे लाँच जाते, हिवाळ्यात खाडी गोठली की बर्फावरून चक्क ट्रक जातात. आत्ता धड पाणी नाही आणि धड बर्फही नाही, त्यामुळे फक्त हेलिकॉप्टर. आणि बाहेर पुर्गा सुटलाय, म्हणजे इथलं हिमवादळ. खिडकीतून समोरची पिवळी इमारतसुद्धा दिसत नाही.

मागच्या वेळी फोनवर तुम्ही विचारलं होतंत, "तिकडे तुमच्या भागातून खासदार कोण? मतदान होतं का तरी?" मी हसून विषय बदलला होता, कारण मला माहीत नव्हतं. आता माहीत झालंय. ज्या आजींच्या घरी भाड्याने राहतेय त्या निवृत्त शाळामास्तरीण आहेत. आणि काय सांगू, त्यांनीही तुमच्यासारखीच जन्मभर इलेक्शन ड्युटी केली आहे! इथेही मतदान केंद्र शाळेत आणि केंद्रावर बसवायला शाळेतलेच लोक. तुम्ही एटापल्लीकडे पेटी घेऊन गेल्याचं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "हेलिकॉप्टर की पायी?" मी म्हटलं, दोन्ही. मग काय, तीन रात्री आमच्या गप्पा ह्याच विषयावर.

तर ऐका. रशियाच्या संसदेच्या खालच्या सभागृहाला दूमा म्हणतात. 450 जागा. त्यातल्या 225 आपल्यासारख्या मतदारसंघातून एकेक माणूस निवडून, उरलेल्या 225 पक्षाच्या यादीतून मतांच्या प्रमाणात. मतदाराच्या हातात दोन कागद. देशभराची सरासरी काढली तर एका मतदारसंघात पावणेपाच-पाच लाख मतदार येतात. पण नियम असा की प्रांत कितीही लहान असो, एक जागा त्याची ठरलेली. म्हणून चुकोत्काला एक खासदार. क्षेत्रफळ 7 लाख चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं, आणि माणसं 2021 च्या जनगणनेत 47,490. आपल्या लक्षद्वीपसारखंच की हो. फक्त लक्षद्वीप 32 चौरस किलोमीटरचं. तिथला उमेदवार होडीने फिरत असेल, इथल्याने फिरायचं कसं?

आणि ही माणसंसुद्धा उरलेली. 1989 मध्ये इथे 1 लाख 64 हजार लोक होते. सोव्हिएत काळात दुप्पट-तिप्पट पगाराच्या आमिषाने खाणींवर, बंदरांवर आलेले. देश मोडला, पगार महिनोन् महिने थकले आणि लोक सामान कंटेनरमध्ये भरून निघून गेले. इउल्तिन नावाचं कथिलाच्या खाणीचं अख्खं गाव बंद झालं. 2002 च्या जनगणनेत आकडा 53,824 वर आला. आजी सांगत होत्या, मतदारयादी दुरुस्त करणं म्हणजे लाल पेनाने रेघा ओढत बसणं. "हा गेला, ही गेली, हे कुटुंब गेलं. एका संध्याकाळी माझ्या स्वतःच्या बहिणीच्या नावावर रेघ ओढली." खासदार मात्र तेव्हाही एक आणि आताही एक.

पहिली निवडणूक 12 डिसेंबर 1993 ला, नव्या राज्यघटनेवरच्या मतदानाबरोबरच. डिसेंबरात इथे सूर्य जेमतेम तीन-चार तास दिसतो. निवडून आल्या तात्याना नेस्तेरेन्को, इथल्याच अर्थखात्यातल्या. 1995 लाही त्याच. पुढे त्या मॉस्कोत केंद्रीय खजिन्याच्या प्रमुख झाल्या. आजींचं त्यांच्याबद्दल मत चांगलं आहे, "हिशोब येणारी बाई" म्हणतात. ह्याहून मोठं कौतुक त्यांच्या तोंडून अजून मी ऐकलेलं नाही.

मग 1999. आता दादूला मोठ्याने वाचायला सांगा. त्याच्या त्या निळ्या जर्सीवाल्या चेल्सी फुटबॉल क्लबचा जुना मालक, रोमान अब्रामोविच, इथला खासदार होता! वय 33, तेलाच्या धंद्यातला अब्जाधीश, चुकोत्काशी त्याचा काय संबंध हे कोणालाच कळेना. वर्षभरात, डिसेंबर 2000 मध्ये, तो गव्हर्नर झाला, नव्वद टक्क्यांहून जास्त मतांनी. आधीचे गव्हर्नर शर्यतीतून बाजूलाच झाले होते. चेल्सी त्याने 2003 मध्ये घेतला, म्हणजे इथला गव्हर्नर असतानाच. 2008 पर्यंत गव्हर्नर होता. ह्या रंगीबेरंगी इमारती त्याच काळातल्या, गावातल्या पोरांना उन्हाळ्यात काळ्या समुद्रावर पाठवलं तेही तेव्हाच. मी आजींना विचारलं, चांगला होता का मग? त्या म्हणाल्या, "शाळेची खिडकी बसवली. वीस वर्षं वारा आत येत होता." पुढे काही बोलल्या नाहीत. मला वाटतं, मतदाराकडून इतका नेमका जबाब पुष्कळ पुढाऱ्यांच्या नशिबी नसतो.

त्याच्या रिकाम्या जागेवर 2001 मध्ये पोटनिवडणूक झाली आणि व्लादिमीर एतिलिन आले. ते मूळचे चुकची, म्हणजे ह्या भूमीचे आदिवासी. 2003 ला इरिना पान्चेन्को. आणि त्यानंतर गंमत बघा, मतदारसंघच गायब! 2007 आणि 2011 ला सगळ्या 450 जागा पक्षांच्या याद्यांवर. कागद एकच. आपल्या गावच्या माणसाच्या नावापुढे खूण करायची सोयच नाही. 2016 ला मतदारसंघ परत आले. तेव्हा वालेन्तिना रुदचेन्को आणि 2021 ला येलेना येव्त्युखोवा, दोघीही सत्ताधारी संयुक्त रशिया पक्षाच्या. ह्या अलीकडच्या दोन निवडणुकांबद्दल आजींनी फारसं काही सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. मी इथे परवान्यावर राहणारी पाहुणी.

एक गोष्ट तुम्हाला आवडेल. पूर्वी इथल्या कागदावर शेवटची ओळ असायची, "सर्वांच्या विरुद्ध". आपला नोटा! पण आपल्यासारखा दात नसलेला नाही. त्या ओळीला सगळ्यात जास्त मतं पडली तर निवडणूकच रद्द. 1999 ला देशात आठ मतदारसंघांत खरंच तसं झालं. 2006 मध्ये ती ओळ काढून टाकली.

पण सगळ्यात जास्त वेळ आम्ही बोललो ते टुंड्रातल्या मतदानावर. रेनडियर पाळणारे लोक कळपांमागे शेकडो किलोमीटर आत असतात. त्यांच्यासाठी मतदान आधीच सुरू होतं. छोटी पेटी, कागद, दोन-तीन कर्मचारी, कधी हेलिकॉप्टर, कधी पट्ट्यांवर चालणारी रणगाड्यासारखी गाडी. यारांगा म्हणजे कातड्याचा तंबू. त्यात आतल्या बाजूला कातड्याचाच एक पडदा लावलेला असतो. आजी म्हणाल्या, गुप्त मतदानाची खोली म्हणजे तो पडदा. म्हातारा आत गेला, बराच वेळ बाहेर येईना. बघतात तर झोपलेला. एकदा वादळात त्या नऊ दिवस अडकल्या, चौदा मतं घेऊन. पेटी रात्री उशाला घेऊन झोपायच्या. बाबा, तुम्ही भामरागडला मशीन उशाशी घेऊन झोपला होतात, ते आईने किती वेळा सांगितलंय! मी ते सांगितलं तर आजी म्हणाल्या, "मशीन कडक असतं. पेटी बरी, मान दुखत नाही."

इथे सकाळी आठला मतदान सुरू होतं तेव्हा मॉस्कोत आदल्या रात्रीचे अकरा वाजलेले असतात. तुमच्याकडे मध्यरात्रीचा दीड. म्हणजे अख्ख्या रशियात पहिली मतं इथे आणि कामचाटकात पडतात, आणि सगळे झोपलेले असताना.

आईला सांगा, मेतकूट संपत आलंय, आणि गाल सुजल्यामुळे सध्या मऊ भात आणि मेतकूट एवढंच चाललंय. आजींनाही खायला दिलं. त्यांनी ते सुक्या माशावर भुरभुरवलं. आईला हे सांगू नका.

आणि एक काम. इथे बोटाला शाई लावत नाहीत. पासपोर्ट दाखवायचा, यादीत सही करायची, झालं. मी शाईचं सांगितलं तर आजींचा विश्वासच बसेना, धुतल्यावर जात कशी नाही म्हणून. पुढच्या वेळी मत देऊन आलात की बोटाचा फोटो पाठवा. जवळून काढा, नखासकट.

तुमची,
थोरली