पॉवर स्टिअरिंग पंपाची वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: मर्सिडीज ३०० डी (डब्ल्यू-१२३, १९८३) गाडीसाठी घेतलेला सदोष पॉवर स्टिअरिंग पंप आणि ‘चुकीचे ऑइल वापरले’ या कारणाने नाकारलेली वॉरंटी

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी वरील गाडीसाठी पॉवर स्टिअरिंग पंप मागवला. बिलावर ‘नवीन’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. पंप बसवल्यानंतर थोड्याच दिवसांत पुलीच्या मागून ऑइल गळू लागले. आपल्याकडे दावा केला, तेव्हा ‘ग्राहकाने एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल) वापरले, त्यामुळे सील खराब झाले, वॉरंटी लागू नाही’ असे दोन ओळींचे उत्तर आले. हे उत्तर मला मान्य नाही. त्याची कारणे सविस्तर लिहितो, कारण पंप न बघताच ते पाठवलेले दिसते.

आपल्या खोक्यातल्या वॉरंटीच्या कागदावर ‘वाहनाच्या हँडबुकमध्ये सांगितलेले ऑइल वापरावे’ अशी अट आहे. मी तीच पाळली. माझ्या गाडीच्या हँडबुकमध्ये पॉवर स्टिअरिंगसाठी एटीएफच सांगितले आहे. पुढे मर्सिडीजने २३६.३ या क्रमांकाखाली स्टिअरिंगसाठी वेगळे ऑइल मान्य केले. ते वापरले तरी या गाडीला चालते. मी सीलबंद डबा उघडून डेक्सरॉन-३ एटीएफ घातले. डब्याचा फोटो आणि बिल सोबत जोडले आहे.

आपल्या हेल्पलाइनवरच्या प्रतिनिधीचे म्हणणे होते की आपण विकता तेच हिरवे सिंथेटिक ऑइल घालायला हवे होते, ते ‘सगळ्या गाड्यांना चालते’. असा सल्ला जुन्या गाडीच्या मालकाला देणे धोक्याचे आहे. ते ऑइल नंतरच्या काळातल्या गाड्यांसाठी आले, तिथे ते उत्तमच असेल. पण दुसऱ्या ऑइलमध्ये मिसळू नये, असे आपल्याच बाटलीवर छापलेले आहे, आणि माझ्या स्टिअरिंग बॉक्समध्ये व पाइपांत जुने एटीएफ काही प्रमाणात उरणारच. सगळ्यांना चालणारे एकच ऑइल नसते. होंडाच्या गाड्या स्वतःचेच स्टिअरिंग ऑइल मागतात. सित्रोएन डीएस या जुन्या फ्रेंच गाडीचे उदाहरण तर फार बोलके आहे. १९६० च्या दशकात त्या गाडीचे हायड्रॉलिक द्रव एलएचएस या सिंथेटिक द्रवावरून एलएचएम या हिरव्या खनिज तेलावर गेले, आणि एकाच्या जागी दुसरे गेले की सील निकामी होतात, म्हणून नव्या पद्धतीच्या भागांना ओळखीसाठी हिरवा रंग देण्यात आला. आपल्या प्रतिनिधीने मला गाडीचे मॉडेल विचारले नाही, सालही विचारले नाही.

आता गळतीबद्दल. जे ऑइल पंपात आहे तेच होजमधून स्टिअरिंग बॉक्समध्ये जाते आणि परत येते. एटीएफमुळे सील जात असतील तर बॉक्सचे जुने सील आधी गेले असते. ते कोरडे ठणठणीत आहेत. होजच्या जोडांवर थेंब नाही. गळते फक्त एकाच जागेवरून, पंपाच्या शाफ्टच्या सीलमधून, आणि संपूर्ण गाडीत तेवढेच सील आपल्याकडून आलेले आहे.

मिस्त्रींनी पुली काढली तेव्हा आणखी काही दिसले. काळ्या रंगाखाली बॉडीच्या बोल्टांचे कोपरे पान्याने झिजलेले आहेत, आणि एका आट्यात रंग साचून वाळला आहे. शाफ्टवर जिथे सीलची कड बसते, तिथे नखाला लागेल अशी खाच पडली आहे. अशा खाचेवर कितीही चांगले सील बसवा, ऑइल अडणार नाही. हा पंप जुना असून वरून रंगवलेला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. नूतनीकरण केलेला पंप विकणे गैर नाही, पण तसे सांगून आणि त्या किमतीला विकावा.

बसवण्यात कसूर झाली असे म्हणायलाही जागा नाही. जुने ऑइल काळे पडून जळकट वास मारत होते, म्हणून निघेल तेवढे सगळे काढले. टाकीतला फिल्टर नवीन घातला, बेल्टचा ताण तपासला. पुढची चाके घोडीवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवत हवा काढली, मगच इंजिन चालू केले.

ही गाडी मी शोकेससाठी ठेवलेली नाही. आम्ही तिने घाट चढतो-उतरतो. वळणावर पॉवर स्टिअरिंगची मदत अचानक गेली तर एवढ्या जड गाडीचे स्टिअरिंग हाताने ओढावे लागते, आणि माझी आईही त्या गाडीत बसते. गळणारे ऑइल तापलेल्या इंजिनाजवळ पडते, ही भीती वेगळीच.

माझ्या मागण्या अशा: पंपाची पूर्ण किंमत परत मिळावी, बसवण्याची व काढण्याची मजुरी आणि वाया गेलेल्या ऑइलचे पैसे मिळावेत, आणि पंप नवीन होता की दुरुस्त केलेला, याचे लेखी उत्तर मिळावे. बदली पंप मला नको. याशिवाय, जुन्या गाड्यांच्या ग्राहकांना हँडबुक बघायला सांगावे, अशी लेखी सूचना हेल्पलाइनला द्यावी.

ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निराकरण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) नोंद करून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाईन. पंप, त्यातले ऑइल आणि खोके जपून ठेवले आहे. तपासणीसाठी आपला माणूस गॅरेजवर पाठवावा. लेखी पोच मिळाल्याशिवाय पंप कुरिअरवाल्याच्या हाती दिला जाणार नाही.

कळावे,

आपला ग्राहक,
पुणे

सोबत: बिल, वॉरंटीचा कागद, हँडबुकमधील ऑइलच्या पानाची प्रत, शाफ्ट व बोल्टांचे फोटो, मिस्त्रींचा लेखी अभिप्राय