वाळवंटातले कासव आणि नागपूरचे ऊन

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या आठवड्यात घरी पाळण्याच्या प्राण्यांविषयी जो लेख आला, त्यात वाळवंटी कासवाला ‘सर्वांत कमी कटकटीचा सोबती’ म्हटले आहे. त्याला पाणी जवळजवळ लागत नाही, घरातली कोणतीही भाजी व फळे ते खाते आणि ऊन तर त्याला प्रियच असते, अशी तीन विधाने त्या लेखात आहेत. लेख आस्थेने लिहिला आहे, यात शंका नाही. मात्र ही तिन्ही विधाने चुकीची आहेत, आणि अर्धा मार्च उलटून गेल्यावर ती नागपुरातल्या वृत्तपत्रात छापून यावीत याची मला विशेष काळजी वाटली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी प्राणिशास्त्राचा अभ्यासक नव्हे, बँकेतून निवृत्त झालेला मनुष्य आहे. माझा मुलगा अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरी राहतो. तिथे बंदिवासात वाढलेले वाळवंटी कासव (‘डेझर्ट टॉर्टॉइज’ ही तिथली जात) पुन्हा रानात सोडण्यास मनाई आहे, कारण त्याच्याबरोबर श्वसनाचे रोग रानातल्या कासवांत पसरतात. म्हणून अशी कासवे राज्याचा वन्यजीव विभाग नागरिकांना दत्तक देतो. त्यासाठी अंगणात बीळ तयार करून दाखवावे लागते, कासवांची पैदास करता येत नाही आणि कासव राज्याबाहेर नेता येत नाही. मुलाने असे एक पिल्लू आणले. ते तळहातात मावत होते. मुलगा व सून दिवसभर कामावर असत, त्यामुळे आमच्या दोन मुक्कामांत त्याचे खाणेपिणे माझ्याकडे व माझ्या पत्नीकडे आले. पुढे जे लिहितो आहे ते त्या अनुभवातून, तिथल्या पशुवैद्यांनी सांगितलेल्या गोष्टींवरून आणि परत आल्यावर शेजारच्या घरी जे पाहिले त्यावरून.

प्रथम उन्हाविषयी. वाळवंटी कासव वाळवंटात राहते म्हणून ते उन्हात राहते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्याच्या आयुष्याचा सुमारे ९५ टक्के काळ बिळात जातो. जूनमध्ये टूसॉनचा पारा अनेकदा ४० च्या वर जातो. त्या दिवसांत आमचे पिल्लू पहाटे साडेपाचच्या सुमारास बाहेर येई, तास-दीड तास चरे, आणि अंगणातली भिंत हाताला चटका देऊ लागण्याच्या आत मातीत अर्ध्या गाडलेल्या कुंडीच्या तोंडाशी जाऊन आत सरके. नंतर त्याचे दर्शन थेट दिवस कलल्यावर. हा प्राणी ऊन चुकवण्यात तरबेज आहे, सोसण्यात नव्हे. त्याच्या अंगाला घाम येत नाही. शरीर फार तापले की तोंडाला फेस येतो आणि त्या लाळेने मान व पुढचे पाय ओले होतात. हे दिसले की प्राण कंठाशी आले आहेत असे समजावे.

हे दृश्य मी टूसॉनमध्ये नव्हे, नागपुरात पाहिले. आमच्या शेजारच्या बारावीतल्या मुलाने एका दुकानातून ‘वाळवंटी कासव’ म्हणून एक पिल्लू घेतले होते. ते आफ्रिकेतल्या सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला राहणाऱ्या सल्काटा जातीचे होते. विक्रेत्याने त्याला हेच सांगितले होते की कोरड्या मुलखातले आहे, ऊन भरपूर द्या, पाण्याची गरज नाही. मुलाने ते काचेच्या पेटीत घालून पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवले. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांना टेकते हे आपण जाणतोच. दुपारी तीन वाजता त्या काचेच्या पेटीत किती असेल, याचा विचारही नको वाटतो. त्याच्या आईने हाक मारली तेव्हा पिल्लू काचेला थडकून उलटे पडले होते, तोंडाला फेस होता, मान बाहेर लोंबत होती. आम्ही ते सावलीत आणून कोमट पाण्यात ठेवले आणि ते वाचले. घाबरून कुणी त्याला बर्फाच्या पाण्यात घातले असते, तर कदाचित वाचले नसते.

काचेची पेटी तशीही या प्राण्याला योग्य नाही. पारदर्शक भिंत त्याला कळत नाही, ते दिवसभर तिच्यावर डोके आपटत राहते. शिवाय खिडकीच्या तावदानातून आलेल्या उन्हातले अतिनील किरण काचेतच अडतात आणि त्या किरणांवाचून त्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही. त्याला सकाळचे कोवळे ऊन थेट मिळावे, अपारदर्शक भिंतींच्या पेटीतली निम्मी जागा नेहमी सावलीत असावी आणि लपायला मातीत अर्धवट गाडलेला फुटका माठ किंवा कुंडी असावी. माती साधी, वाळू मिसळलेली चालते. नुसती वाळू किंवा बारीक खडी घातली तर ती खाण्याबरोबर पोटात जाऊन आतडे अडवू शकते. आपल्याकडे आणखी एक चूक हमखास होते. उकाडा वाढला की पिल्लाला डेझर्ट कूलरच्या झोतासमोर ठेवतात. गार, ओलसर वारा सतत लागला की या कासवांना सर्दी होते, नाकातून बुडबुडे येतात आणि ती हळूहळू छातीत उतरते. खोलीत कूलर चालू असला तरी झोत त्याच्या अंगावर येता कामा नये.

आता पाणी. मोठ्या वाळवंटी कासवाला मूत्राशयात आपल्या वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत पाणी साठवता येते आणि दुष्काळात ते त्यावर महिनोन्‌महिने काढते, हे खरे आहे. परंतु ते पाणी आधी प्यावे लागते. रानात हे कासव उथळ खळगे खोदून ठेवते आणि पाऊस आला की बिळातून निघून त्या खळग्याशी येऊन पोटभर पिते. टूसॉनकडेही जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस येतो, त्याला ते लोक ‘मॉन्सून’च म्हणतात. पहिल्या सरीनंतर आमचे पिल्लू मान ताणून, नाक बुडवून, घशाखालची कातडी हलवत चार-पाच मिनिटे पीत होते, ते मी छत्री धरून पाहिले. पत्नीच्या मते त्या दिवशी माझी छत्री कासवावर जास्त आणि तिच्यावर कमी होती. भ्यायले की हे प्राणी साठवलेले सारे पाणी सोडून देतात, म्हणून रानात भेटलेले कासव उचलू नये असे तिथे बजावतात. घरातले पिल्लूही उगीच उचलू नये, त्याचे कारण हेच.

पिल्लाचे शरीर एवढेसे असते की त्याच्यात साठवण कसली? ते दोन-चार दिवसांतच सुकते. आम्ही त्याला रोज किंवा एक दिवसाआड पसरट थाळीत कोमट पाण्यात १५ ते २० मिनिटे ठेवत असू. आपल्याकडे परात उत्तम. पाणी वरचे व खालचे कवच जिथे मिळते तिथपर्यंतच असावे, हनुवटी बुडू नये, आणि त्या वेळात माणसाने तिथून हलू नये. त्या पाण्यात ते पिते आणि बहुधा तिथेच मलमूत्र टाकते. मूत्राबरोबर पांढरा लगदा पडतो, तो पेस्टसारखा मऊ असला तर ठीक. तो खडूच्या चुऱ्यासारखा रवाळ झाला की पाणी कमी पडते आहे, असे समजावे. दुर्लक्ष केले तर पुढे त्याचाच मुतखडा होतो. कवचाचे तुकडे पिरॅमिडसारखे वर उचलले जातात तो दोष केवळ जास्त प्रथिनांमुळे येतो असे पूर्वी मानत. सल्काटाच्या पिल्लांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र हवेतील कोरडेपणा हे त्याहून मोठे कारण दिसले. म्हणून माठाच्या आतल्या टोकाची माती किंचित ओलसर ठेवावी. संपूर्ण पेटी चिखलमय करू नये.

खाण्याविषयी मात्र मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण सर्वांत अधिक नुकसान तिथेच होते. वाळवंटी कासवाचे रानातले अन्न म्हणजे गवत, पावसानंतर उगवणारी रानफुले व त्यांची पाने, आणि निवडुंग. त्यात तंतू भरपूर, प्रथिने कमी, साखर जवळजवळ नाही आणि फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम निदान दुप्पट असावे लागते. काकडी, टोमॅटो, कलिंगड, केळे, पोळी, भात, उकडलेले अंडे, कुत्र्याचे खाद्य यांपैकी काहीही या हिशेबात बसत नाही. शेजारचे पिल्लू वर्षभर काकडी आणि टोमॅटोवर होते. उन्हातून वाचले तरी त्याची चाल वेगळी दिसत होती, पोट जमिनीवर घासत ते सरपटे. कवचाच्या कडेला मी बोट टेकवले तर ती मिठाईच्या खोक्यासारखी दबली. अगदी कोवळ्या वयात कवच लवचीक असतेच. वाळवंटी कासवाचे तर पहिली सुमारे पाच वर्षे पुरते टणक होत नाही, आणि मोहावी वाळवंटात डोमकावळे तेच फोडून पिल्ले खातात. पण शेजारच्या पिल्लाचे तसे नव्हते. पशुवैद्यांनी क्ष-किरण चित्र काढून कॅल्शियमअभावी हाडे ठिसूळ झाल्याचे सांगितले. औषधाने व आहार बदलल्याने ते आज चालते-फिरते आहे, मात्र पाठीचा बाक राहिला तो राहिलाच.

गंमत अशी की योग्य आहार आपल्याकडे फुकट मिळतो. अंगणातली हरळी द्यावी. टूसॉनजवळच्या रानात हे कासव नारिंगी फुलांची ग्लोबमॅलो आवडीने खाते. ती आपल्या जास्वंदीच्याच कुळातली. तेव्हा जास्वंदीची पाने आणि फुले निःशंक द्यावीत. तिकडच्या याद्यांत डँडेलियन असते, आपली पाथरी त्याच गोतावळ्यातली आहे. तुतीची पाने चालतात. फड्या निवडुंग तर मूळचाच अमेरिकेतला, कासवाच्या माहेरचा म्हणा. काटे व बारीक कुसे जाळून किंवा खरवडून त्याचे पान द्यावे. घोळ, पालक, चवळई या भाज्यांतील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवते, म्हणून त्या रोजच्या आहारात नकोत. सांबार म्हणजे कोथिंबीर क्वचित चिमूटभर चालेल. आणि आपले संत्रे कितीही लाडके असले, तरी त्याची फोड या कासवाला देऊ नये. फळातल्या साखरेने आतड्यातले जिवाणू बिघडून हगवण लागते.

पाला बारीक चिरू नये. त्याला दात नसतात, चोच असते. आमचे पिल्लू आधी पान हुंगे, मग पुढचा पाय पानावर रोवून मानेला हिसका देऊन तुकडा तोडी. तोडण्याची ही मेहनत नसेल तर चोच वाढत जाते. पिल्लाला रोज सकाळी, ऊन खाऊन अंग ऊबदार झाल्यावर, त्याच्या कवचाएवढा पाल्याचा ढीग पुरतो, आणि उरलेला दुपारी काढून टाकावा, नाही तर मुंग्या येतात. रानात ही कासवे चुनखडीचे थर कुरतडून कॅल्शियम मिळवतात. आपण काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेनाचा तुकडा आणून पेटीत ठेवावा. सार्वजनिक बागेतले गवत मात्र आणू नये, त्यावर फवारणी झालेली असू शकते. कण्हेर टूसॉनच्या घरोघरी दिसते तशी आपल्या दुभाजकांवरही आहे आणि ती विषारी आहे, तिचे पानही जवळ येऊ देऊ नये. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आठवड्यातून एकदा वजन करून लिहून ठेवावे. वजन सलग दोन-तीन आठवडे घटले की आजार इतर कोणत्याही खुणेआधी तिथे कळतो. अंगणात सोडल्यास वर जाळी हवी. आपल्याकडे डोमकावळे, मांजर, मुंगूस आणि घूस यांपैकी कुणी ना कुणी असतेच.

थंडीबद्दल एकच सांगतो. वाळवंटी कासव हिवाळाभर बिळात निद्रिस्त असते, सल्काटा तसे झोपत नाही. नागपुरात डिसेंबरमध्ये पारा १० अंशांखाली उतरतो, तेव्हा सल्काटाच्या पिल्लाला गच्चीवर ठेवून ‘झोपले असेल’ असे समजू नये.

आपल्या लेखात एका महत्त्वाच्या बाबीचा उल्लेखच नव्हता. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले आपले भारतीय तारांकित कासव वास्तूत भरभराट आणते म्हणून पुष्कळ घरी ठेवतात. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे आणि ते बाळगणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. सल्काटासारख्या परदेशी कासवांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करावी लागते. तळहातावरचे सल्काटा मोठेपणी ४०-५० किलोंचे होते, हे विक्रेता सांगत नाही. ज्यांच्या घरी तारांकित कासव आहे त्यांनी ते अंबाझरी किंवा फुटाळ्याच्या पाण्यात सोडू नये. ते जमिनीवरचे कासव आहे, पाण्यात बुडून मरते. त्यांनी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. जखमी वन्यप्राण्यांसाठी सेमिनरी हिल्सवर वन विभागाचे उपचार केंद्र आहेच.

आपणास विनंती एवढीच की पाणी, फळे आणि ऊन यांविषयीच्या त्या तीन विधानांची दुरुस्ती एप्रिल लागण्याआधी त्याच पुरवणीत, त्याच जागी छापावी. शेजारच्या मुलाने तो लेख कापून त्याच्या पेटीशेजारी चिकटवला होता. मी तो कालच काढायला लावला.

आपला,
एक नियमित वाचक,
लक्ष्मीनगर, नागपूर