चावीवाला आणि सभागृह

मुंबई

चि. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नगरसेवक निवडून नेमके होते काय, असे तू परवा फोनवर विचारलेस. ते बोलता बोलता सांगण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र.

1888च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 61मध्ये पालिकेला टाळता न येणारी कामे सांगितली आहेत. पाणी, मलनिःसारण, झाडलोट, आग विझवणे, स्मशाने, जन्ममृत्यूच्या नोंदी ही त्यांतलीच. (तू नेहमी हरवतेस तो जन्मदाखलाही याच कलमाचा.) उद्याने, ग्रंथालये ही कामे मात्र ऐच्छिक.

परळच्या चाळीत मी लहान असताना पहाटे चावीवाला येई. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी झाकण उचलून तो लांब दांड्याची चावी खाली सोडी आणि फेऱ्या मोजत फिरवी. थोड्या वेळाने आमचा नळ आधी खोकल्यासारखा फुसफुसे, मग बादलीत धार पडे. तानसा तलावाचे पाणी शहरात 1892पासून येते आहे, पण त्याच शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हेही विसरू नकोस.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. 1865मध्ये आयुक्त झालेल्या आर्थर क्रॉफर्ड यांनी शहर सुधारताना इतका सढळ खर्च केला की करदाते खवळले, आणि 1872च्या कायद्याने चौसष्ट सदस्यांची महापालिका आली, ज्यांतले निम्मे करदात्यांनी निवडायचे होते. तरुण फिरोजशहा मेहता यांचे म्हणणे असे की आयुक्ताचे हात बांधू नका, पण त्याला जाब विचारणारे लोकांनी निवडलेले असू द्या. आजही कारभार राज्य सरकारने नेमलेला आयुक्त चालवतो. महापौरांना मान मोठा, अधिकार थोडे. हे मला खटकते, पण निदान अंदाजपत्रकावर सभागृहात वाद तरी होतो.

मार्च 2022मध्ये सभागृहाची मुदत संपली, निवडणूक लांबली, आणि आयुक्तच प्रशासक झाले. अंदाजपत्रक मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. चाव्या मात्र रोजच्या वेळी फिरत राहिल्या, नळाला पाणी येत राहिले, आणि सभागृह रिकामे आहे हे आपल्या इमारतीत फारसे कोणाच्या लक्षातही आले नाही. माझ्याही आले ते वर्षभराने.

तुझे,
बाबा